नवख्या पऱ्हाटीसाठी: बुरशी कशी बोलवावी

अभिनंदन. मृगाच्या पावसावर तू उमरखेडच्या काळ्या रानात उगवलीस, दोन पानं उघडलीस, म्हणजे सरकीतली शिदोरी संपत आली. आता फॉस्फेट हवं. ते जमिनीत आहे, पण या काळीत चुनखडी फार, आणि कॅल्शियमने धरून ठेवलेलं फॉस्फेट जागचं हलत नाही. मुळालगतचं मिलिमीटर-दोन मिलिमीटर तू लवकरच पुसून खाशील. पलीकडचं आणायला बुरशी लागते. तिला बोलवायची रीत पुढीलप्रमाणे.

आधी उपाशी राहा. ही पायरी गाळून चालत नाही. पोट भरलेलं असतं तोवर पेशीतली एसपीएक्स प्रथिनं पीएचआर नावाच्या प्रथिनाला धरून बसतात. टंचाई पडली की पकड सुटते. पीएचआर डीएनएवर जाऊन बसतं आणि आठ अक्षरांची एक ठरलेली खूण जवळ असलेली जनुकं चालू करतं. फॉस्फेट ओढणारी जनुकं त्यात असणारच. बुरशीला दार उघडणारीही त्याच हुकमतीखाली आहेत, हे चिनी संशोधकांनी 2021 मध्ये भातावर दाखवलं. भात तुझ्या भावकीतला नाही, हे खरं. पण बुरशीशी झालेला करार चाळीस कोटी वर्षांमागचा, तुम्हा दोघांच्या पूर्वजांनी केलेला.

मग मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन सोड. अगदी किंचित. ते लागताच बुरशीचे धागे भराभर फांद्या फोडतात. इथे थोडी मान ताठ करायला हरकत नाही, कारण या कुळातलं पहिलं रसायन 1966 मध्ये सापडलं ते कपाशीच्याच मुळांत. तेव्हा एवढंच कळलं की त्याने टारफुल्याचं बी जागं होतं. ज्वारी-उसाचं रक्त पिणाऱ्या या तणाला झाडं स्वतःहून हाका का मारतील, याचा उलगडा 2005 मध्ये जपानी संशोधकांनी केला: हाक बुरशीला होती, टारफुला चोरून ऐकत होता.

बुरशी आत आली की मुळाच्या पेशीत इवल्या झुडपासारखी पसरते. तिथे देवघेव होते. ती फॉस्फेट देते, तू साखर आणि स्निग्धाम्लं. कमाईचा पाचवा हिस्साही जाऊ शकतो, तेव्हा हात आखडता ठेव. स्निग्धाम्लं तिला स्वतःला बनवता येत नाहीत, म्हणजे घासाघीस करायला तुझी बाजू भक्कम आहे. फॉस्फेट येत नसेल तर ते झुडूप मुदतीआधी मोडावं. मेथीघासाच्या एका नातलगाच्या मुळांत असंच घडताना दिसलं आहे.

एवढं जमल्यावर मालक येईल. त्याच्या खांद्यावर डीएपीचं पोतं असेल: पन्नास किलो, त्यात स्फुरद तेवीस किलो. खिशात मायकोरायझाची पुडी, त्याच कृषी केंद्रातून, त्याच बिलावर. तो दोन्ही एकाच तासात टाकेल. पोत्याने तुझं पोट भरेल, एसपीएक्स पुन्हा पकड घेईल, दार लागेल, आणि पुडीतली बुरशी बाहेर ताटकळेल. मातीची तपासणी केली असती तर कदाचित पोतं अर्ध्यावर आलं असतं. तू काही बोलू नकोस. तुला तसंही बोलता येत नाही.

राहिला टारफुला. गेल्या सालच्या ज्वारीत पडलेलं त्याचं बी अजून जमिनीत असेल. तुझी हाक ऐकून तेही उगवेल, पण त्याला तुला चिकटता येत नाही, आणि यजमानाविना ते थोड्याच दिवसांत मरेल. या कामाची वेगळी मजुरी मिळत नाही.