जुन्या संगणकास मोठी हार्डडिस्क जोडणेबाबत

प्रस्तुत सूचना ज्या घरांत २००७ सालचा एक्सपीवाला संगणक ‘चालतोय की अजून’ एवढ्या एका कारणावर टिकून आहे, त्यांनाच लागू राहतील. आमच्याकडे त्याचे मालक अण्णा, म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जावई या पदाला मान असतो, ८० जीबी भरेपर्यंत.

कलम १. जागा कशाने भरली याची चौकशी करू नये. ‘महत्त्वाचे’, ‘अतिमहत्त्वाचे’ आणि ‘अतिमहत्त्वाचे नवीन’ असे तीन फोल्डर निघतील आणि तिन्हींत एकाच मुंजीचे तेच फोटो. ‘यातले दोन उडवू का?’ असे विचारल्यास अण्णा उत्तर देत नाहीत, चष्मा काढून पुसतात. त्यापेक्षा डिस्क स्वस्त पडते.

कलम २. डिस्क २ टेराबाइटपेक्षा मोठी घेऊ नये. डिस्कचे भाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. सेक्टर ५१२ बाइटचा धरला की मोजणी २.२ टेराबाइटला संपते. पुढे जीपीटी ही नवी पद्धत लागते आणि ३२ बिटी एक्सपीला ती वाचता येत नाही. हौसेने ३ टेराबाइटची आणाल तर बहुधा ७४६ जीबीचीच दिसेल.

२ टेराबाइटची डिस्कही १८६३ जीबी दिसते. कंपनीचा जीबी शंभर कोटी बाइटचा, विंडोजचा १०२४ च्या पटींचा. लबाडी कोणाचीच नाही, पण हे अण्णांना आधीच सांगून ठेवावे. जन्मभर मोजमापाच्या वह्या तपासलेला माणूस १३७ जीबीची तूट सोडत नाही. कंपनीला पत्र लिहितो, आणि ते टाइप आपल्यालाच करावे लागते.

कलम ३. प्लग भिंतीतून काढावा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. डिस्कच्या स्क्रूचे आटे जाड, सीडी ड्राइव्हच्या स्क्रूचे बारीक. एकाचा स्क्रू दुसऱ्यात पिळला की आटे गेलेच. जाड आट्यांचे चार स्क्रू मी दोन दुकानांत शोधले. अण्णांनी च्यवनप्राशचा डबा काढला. त्यात कागदी पुडी, पुडीवर ‘कॅबिनेट, शिल्लक’ आणि तारीख. आत चार. काय बोलणार?

कलम ४. साटा केबल एकाच बाजूने बसते. जोर लावू नये.

कलम ५. एक्सपीत नव्या डिस्कचे भाग पाडू नयेत. ते पहिला भाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. हल्लीच्या ४ केबी सेक्टरच्या डिस्कला ते जुळत नाही आणि लिहिणे रखडते. विंडोज ७ किंवा पुढचे असलेल्या शेजाऱ्याकडे डिस्क न्यावी, एमबीआर निवडून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून आणावी. शेजारी ‘नवा का नाही घेत?’ विचारेल. अण्णांसमोर विचारू देऊ नये.

कलम ६. फायली कॉपी कराव्यात, कट करू नयेत. मध्येच वीज गेली तरी मूळ प्रत जागेवर राहते. उरलेला वेळ आधी ४ तास, मग १२ मिनिटे, मग ९ तास असा दिसेल. अण्णा खुर्ची ओढून समोर बसतात आणि प्रत्येक आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवतात. त्यांना चहा द्यावा. पंखा मात्र त्यांना बंद करू देऊ नये. त्याचे आणि संगणकाचे बटण शेजारी शेजारी आहे.