सेक्रेटरी कॉम्रेड

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीची पहिली पाळी सुटली, की बारदान फाट्यावरून गंगापूर रोडला लागणाऱ्या गर्दीत एक कॉम्रेड हमखास असतो. खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. बॅगेत पक्षाच्या ‘जीवनमार्ग’चा अंक, पावतीपुस्तक आणि स्टँपपॅड. कंपनीतून तो कधीच रिटायर झाला, युनियनमधून व्हायचं नाव नाही. नोकरीत असताना त्याचं मशीन कोणतं, हे सुपरवायझरलाही आठवावं लागे. पण कॅन्टीनच्या चहातलं दूध कोणत्या तारखेपासून पातळ झालं, ते याला तोंडपाठ.

गेट मीटिंगला त्याचं भाषण व्हेनेझुएलातून निघतं. अमेरिकी साम्राज्यवाद, दिल्लीचं सरकार, मुंबईचं मंत्रालय असे थांबे घेत ते सेफ्टी शूजपर्यंत येतं, तोवर मागून कुणीतरी ओरडतो, “भाऊ, बस सुटंल!” मग मूळ मागणी अर्ध्या मिनिटात उरकते आणि घोषणा मात्र सावकाश होतात. ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ हे तो बेंबीच्या देठापासून म्हणतो. समोरच्या टपरीवर बसलेला दुसरा कॉम्रेडही तेच म्हणतो. पण हा १९७० साली निघालेल्या सीटू युनियनचा, तो १९२० सालच्या आयटकचा. त्यामुळे चहा वेगवेगळ्या बाकांवर.

कामगार कायद्याची कलमं सांगायला लागला की कीर्तनकारानं हात टेकावेत. जुन्या कायद्यातला कलम अठरा-एकचा करार सही करणाऱ्यांपुरता, समेट अधिकाऱ्यापुढे झालेला बारा-तीनचा सगळ्यांना लागू, हे त्यानं दूधवाल्यालाही समजावलंय. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून किसान लाँग मार्च निघाला, तेव्हा तो विल्होळीपर्यंत चालला. सांगताना मात्र थेट आझाद मैदान गाठतो.

खरी पंचाईत झाली ती सोसायटीत. कुणीच तयार नव्हतं म्हणून याला सेक्रेटरी केलं. पहिल्याच महिन्यात त्यानं वॉचमनला विचारलं, “साप्ताहिक सुट्टी मिळते?”

“नाही साहेब.”

“साहेब नाही, कॉम्रेड म्हण. अर्ज कर.”

“लिहिता येत नाही, साहेब.”

म्हणून रात्री यानंच नऊ मागण्यांचं मागणीपत्र लिहिलं, वॉचमनचा अंगठा घेतला. सकाळी सेक्रेटरी म्हणून तेच स्वीकारलं, पोच दिली आणि शिक्का मारला. दुपारी उत्तर लिहिलं : ‘सोसायटीची आर्थिक स्थिती नाजूक आहे.’ संध्याकाळी ते वाचून स्वतःच भडकला आणि व्यवस्थापनाच्या आडमुठेपणाचा लेखी निषेध नोंदवला. असा पत्रव्यवहार तीन महिने चालला. टाइपिंगचा खर्च दोन्ही बाजूंनी त्याच्याच खिशातून. शेवटी करार झाला : आठवड्याची सुट्टी, पगारवाढ, मागचा फरक आणि केबिनला पंखा. मेंटेनन्स वाढला म्हणून सभासद चिडले. त्यांनी जिन्यात घोषणा दिल्या. त्याही यानंच बसवून दिल्या, कारण यमक जुळत नव्हतं.

हल्ली तो जरा खचलाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी ४ संहिता आल्या. लढा तर तो देणारच, पण आयुष्यभर पाठ केलेली कलमं एका रात्रीत बदलली, हे दुःख घरी कुणाला सांगणार? बायको म्हणते, “बरं झालं, दूधवाला तरी सुटला.”

गंगापूर रोडच्या फ्लॅटांमध्ये बसून ‘युनियनमुळेच कंपन्या गेल्या’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितीतरी फ्लॅटांचं डाउन पेमेंट कराराच्या फरकातून झालंय, हे ते सांगत नाहीत. पण त्यांचीच मुलं आता कंत्राटावर लागतात, आणि अकराव्या महिन्यात ब्रेक मिळाला की बाप खुटवडनगरच्या सीटू ऑफिसचा पत्ता विचारतो. तुमच्यावरही ती वेळ आली, तर नेमणूकपत्राची झेरॉक्स घेऊन जा आणि घरून जेवून निघा. व्हेनेझुएला ऐकावाच लागेल. पण अर्ज तो त्याच रात्री लिहून देईल, आणि वर्गणीची पावती फाडल्याशिवाय सोडणार नाही.