साहेबांचा आतला आवाज

बारामती-इंदापूर पट्ट्यात आवाज ही लपवायची गोष्ट नाही. दिवाळी झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात आणि ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा टेप ऐकू येतो. वरात असो, जावळ असो की ग्रामपंचायतीचा निकाल, डॉल्बीनं खिडकीच्या काचा हादरल्या नाहीत तर पाहुण्यांना कार्यक्रम झाल्यासारखं वाटत नाही. अशा मुलखात एक माणूस आपलं वाजवणं शेजाऱ्यालाच काय, बायकोलाही ऐकू जाऊ नये म्हणून चारशे डॉलर मोजतो, यावर आमच्या कॉलनीचा अजून विश्वास बसलेला नाही.

साहेब एमआयडीसीतले. वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार आहे असं मी धरून चालतो. पण हे गृहस्थ एकच आहेत असंही समजू नका. पेन्सिल चौकातून सूर्यनगरीकडे वळलात की दर दोन-चार बिल्डिंगांआड असा एक साहेब सापडेल. वय चाळीस ते पन्नासच्या मधे, गृहकर्ज निम्म्यावर आलेलं, मुलगा दहावीला आणि हुद्दा मेंटेनन्सचा नाहीतर क्वालिटीचा. प्रॉडक्शनवाल्याच्या नशिबी गिटार नसते, त्याला डिस्पॅचच पुरतं. इंजिनियरिंगला असताना यानं होस्टेलवर साधी गिटार वाजवलेली असते. गॅदरिंगला ‘पुरानी जीन्स’ म्हटलेलं असतं, आणि त्या वेळी दुसऱ्या रांगेत बसलेल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्याचं त्याला अजून आठवत असतं. मग नोकरी लागते, लग्न होतं, गिटार माळ्यावर जाते. वीस वर्षांनी एका रात्री मोबाइलवर कुणीतरी परदेशी पोरगा ‘चुरा लिया’ची सुरुवात वाजवताना दिसतो, आणि साहेब माळ्याला शिडी लावतात.

माळ्यावरच्या गिटारीची मान वाकलेली निघाली. ‘बेंड आलाय’ असा निदानाचा शब्द साहेबांनी वापरला आणि गिटार भंगारात काढून इलेक्ट्रिक आणली.

साहेबांच्या कानाबद्दल मात्र कंपनीत आदर आहे. मोठा स्क्रूड्रायव्हर घेतात, त्याचं टोक मोटरच्या बेअरिंग हाउसिंगला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, ‘आठवडाभर चालेल, मग जाईल.’ आणि ते जातंच. सेन्सर लावून कंपनाचा आलेख काढणारी पोरं हल्ली आली आहेत, पण शटडाऊन घ्यायचा का हे विचारायला मॅनेजर साहेबांकडेच येतो. एवढा तयार कान घरी आल्यावर कुठं जातो कळत नाही. दुसरी तार पाव सुरानं उतरलेली मला खाली, छतातून, वरण ढवळताना कळते. साहेबांना कळत नाही.

सुरुवातीला ॲम्पही आणला होता. इलेक्ट्रिक गिटारीला स्वतःचं पोटच नसतं. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते, ती मोठी करून स्पीकरला दिली की आवाज. ‘आपल्या वाइंडिंगवाल्याला दाखवली तर तो पण बनवून देईल,’ असं साहेब सांगतात, पण दाखवत नाहीत. तर तो ॲम्प. तो कॉलनीत फार टिकला नाही, कारण एमआयडीसीच्या कॉलनीत गोंगाटाला मुहूर्तच नसतो. गावात रात्री दहानंतर गप्प बसलं की भागतं. इथं तीन शिफ्टा. सकाळी दहाला वाजवावं तर शेजारच्या ब्लॉकमधला नाइट करून आत्ताच आडवा झालेला. दुपारी चारला वाजवावं तर फर्स्ट शिफ्टवाला पहाटे पाचला उठलेला, त्याची वामकुक्षी. रात्री अकराला सेकंडची बस कॉलनीच्या तोंडाशी पोरं उतरवते. चोवीस तासांत एकही मिनिट असं नाही की जेव्हा सगळी कॉलनी जागी आहे. वाजवायला बसलं की पाच मिनिटांत दारात कुणीतरी लुंगीवर उभा. ‘साहेब, तुमचं चालू द्या. पण माझी थर्ड हाय.’ यातल्या ‘चालू द्या’चा अर्थ ‘बंद करा’ असतो हे एमआयडीसीत कुणाला सांगावं लागत नाही.

मग साहेबांनी चिरंजीवांचे ब्लूटूथचे इयरबड जोडून पाहिले. त्यांत पंचाईत अशी की ब्लूटूथला आवाज पोचवायला सेकंदाचा दशांश-पंचमांश लागतो. सिनेमा बघताना ते कळत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून धरतो. गिटारीला कोण थांबवणार? बोट आत्ता, सूर नंतर. सेकंदाच्या पंचमांशात आवाज हवेतून साठ-सत्तर मीटर जातो, म्हणजे साहेब हॉलमध्ये आणि त्यांचा ॲम्प गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. सूर आल्याशिवाय पुढचं बोट ठेवायचं नाही असं धोरण साहेबांनी आठवडाभर पाळलं. गाणं संपेना.

शेवटी भाच्यानं अमेरिकेहून येताना ते हेडफोन आणले. बॉस कंपनीचे, ‘वाझा-एअर’. एक छोटा ट्रान्समीटर गिटारीच्या जॅकमध्ये खोचायचा, दुसरी वस्तू डोक्यावर, मधे वायर नाही. गिटारीसाठी यांचा स्वतःचा वेगळा रेडिओ असतो, त्यामुळे उशीर जाणवत नाही. ब्लूटूथ ठेवलाय तो साथीचं गाणं लावायला आणि मोबाइलच्या ॲपला. आणि ॲम्प? तो आतच, पण खरा नाही. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प तापल्यावर कसा गुरगुरतो, कुठं फाटतो, स्पीकरचं खोकं त्यात काय भर घालतं, हे सगळं गणितात उतरवून चिपवर चालवायचं, याला मॉडेलिंग म्हणतात. नव्वदच्या दशकात रोलँड आणि लाइन सिक्स या कंपन्यांनी ते बाजारात आणलं. बॉस हे रोलँडचंच घराणं. साहेबांनी मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं, ‘डिजिटल ट्विन हो! आपल्याकडं लाइन टूला बसवायचा म्हणतायत ना, तेच.’ लाइन टूला तो अजून बसलेला नाही. साहेबांच्या डोक्यावर बसला.

त्यात एक करामत आहे. हेडफोनमधला सेन्सर मान किती वळली ते बघतो आणि आवाज त्या हिशोबानं फिरवतो. ॲम्प समोर ठेवलाय असं वाटत असताना डावीकडे बघितलं तर ॲम्प उजव्या कानात येतो, जागचा हलत नाही. दुसऱ्या प्रकारात ॲम्प पाठीमागे, स्टेजवर असतो तसा. पहिल्या दिवशी साहेबांनी हा दुसरा प्रकार लावून हेडफोन आईंच्या पदरावरून डोक्यावर चढवला आणि गिटार छेडली. आईंनी जपमाळ खाली ठेवली. हळूच मागं वळून देवघराकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं.

‘आरं, मागं कोण वाजवतंय?’

‘मीच वाजवतोय, आई. समोर.’

‘तू न्हाय. त्यो बरा वाजवतोय.’

हेडफोन उतरवून त्यांनी एकदा बाल्कनीतही डोकावून घेतलं.

आता साहेबांचा नेम ठरलेला. जेवण झालं की बेडरूमच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याचं त्यांनी रीतसर फाइव्ह-एस केलं आहे. फरशीवर पिवळी टेप, टेपेच्या आत स्टँड, भिंतीवर काळ्या फोमच्या बोर्डात पिकच्या आकाराचं भोक, त्यात पिक. पिक जागेवर नसेल तर लांबून दिसलं पाहिजे. एफ कॉर्डला तिसरी तार खरखरते म्हणून फाइव्ह-व्हाय केलं होतं. तार का खरखरते? दाब कमी. दाब का कमी? मधलं बोट आडवं पडतं. का आडवं पडतं? कोपर अंगाला चिकटतं. का चिकटतं? मधे पोट येतं. पाचवा ‘का’ वहिनी विचारणार होत्या, तेवढ्यात साहेबांनी फाइल क्लोज केली.

साहेबांच्या कानात जे चालतं ते आपल्याला कळायचा मार्ग नाही. चेहऱ्यावरून वाटतं, वानखेडे भरलंय. घरात ऐकू येतं ते वेगळंच. इलेक्ट्रिक गिटारीचा उघडा आवाज म्हणजे गळक्या नळाखाली कुणी स्टीलचा डबा ठेवलाय. टिक. टिक टिक. टिक. त्यावर साहेबांचा ताल धरणारा पाय, जो माझ्या पंख्याच्या हुकावर पडतो. आणि अधूनमधून, कानात गाणारा गायक थांबला की साहेब त्याची जागा घेतात, ती भर गर्दीत घ्यावी अशा पट्टीत. आपण गातोय हे त्यांना माहीत नसतं. त्यांना सांगायला गेलं तर हेडफोन न काढता ते ‘काय?’ असं विचारतात, आणि हा ‘काय?’ नाइटवाल्याला उठवायला पुरतो. एवढा खर्च करून घर शांत झालंय असं फक्त त्यांनाच वाटतं.

कारखान्याच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. प्रेसशॉपमध्ये एखादं पोरगं इयरप्लगशिवाय दिसलं तर साहेब त्याला अर्धा तास उभं करतात. घरी त्यांचा व्हॉल्यूम किती असतो हे मोजायचं मीटर कंपनीच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे.

वहिनींनी आधी त्रागा केला, पुढे त्यातून वाट काढली. साहेब वाजवताना डोळे मिटून तालात मान हलवतात. वहिनी समोर उभ्या राहून सौम्य आवाजात विचारतात, ‘सोफ्याची कव्हरं बदलू ना?’ मान वरखाली. ‘माझी बहीण मेमध्ये आठवडाभर येतेय, चालेल ना?’ मान वरखाली, वर ओठ आवळून संमती. चिरंजीव साक्षीदार. नंतर साहेबांनी कितीही म्हटलं की मी हो म्हणालोच नाही, तरी मान हलली होती हे नाकारता येत नाही. संथ गाण्याला होकार हळू मिळतो, म्हणून मोठ्या खर्चाचे विषय वहिनी रॉकवर काढतात.

आता प्रश्न असा की साहेब वाजवतात काय. ते चार ओळीच वाजवतात, आणि त्याच. कारण त्यांचा खरा वेळ जातो ॲपमध्ये. पाच जातींचे ॲम्प, पन्नासहून जास्त इफेक्ट, प्रत्येकाला बटणं. कोरस जरा कमी, डिले थोडा जास्त, मग पुन्हा त्याच चार ओळी. मग घुमारा चर्चचा हवा की हॉलचा यावर विचार. मग त्याच चार ओळी चर्चमध्ये. त्यांना मी नावं ठेवत नाही, कारण बारामतीला हा प्रकार अगदीच नवा नाही. याच गावात कऱ्हेकाठी बसून मोरोपंतांनी एकच रामायण १०८ तऱ्हांनी रचलं असं सांगतात. एकात ओठांना ओठ लागणारं अक्षरच येऊ दिलं नाही, ते निरोष्ठ रामायण. त्यालाही इफेक्टच म्हणायचं. फरक इतकाच की पंतांनी दर वेळी रावण मारून रामाला अयोध्येला आणलं. आमच्या साहेबांचा राम अजून पंचवटीतच कुटी बांधतोय, पन्नास प्रकारच्या पाल्यानं.

आणि मला तर वाटतं, त्यांना अयोध्येला जायचंच नाहीये. दिवसभर या माणसाचं प्रत्येक काम कुणीतरी मोजत असतं. ब्रेकडाऊन किती मिनिटं, कुणामुळं, पुन्हा झाला का. सकाळच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लाल-हिरवं. रात्री एक तास असा की त्याचा अहवाल कुणाला द्यायचा नाही. चूक झाली तर ती फक्त त्यांनाच ऐकू येते, आणि त्यांनाही, घुमारा पुरेसा असेल तर, येत नाही.

हे कॉलनीच्या गणेश मंडळाला कोण सांगणार? गेल्या गणपतीत पोरं वर गेली. ‘साहेब, यंदा सांस्कृतिकमध्ये तुमचं गिटार पाहिजेच. डॉल्बी आपलाच हाय, तुम्ही फक्त लाइन द्या.’ साहेबांनी आढेवेढे घेतले, पण मान हलली. वहिनी म्हणाल्या, मी बघितली.

कार्यक्रमाच्या रात्री साहेब इस्त्रीचा काळा शर्ट घालून स्टेजवर. साउंडवाल्या पोरानं वायर पुढे केली. साहेबांनी हातानंच ती बाजूला सारली. मॉडेलिंगशिवाय नुसती तार डॉल्बीला देणं म्हणजे काय, हे त्यांनी पोराला समजावलं. माझा टोन यात आहे, म्हणून डोक्याकडे बोट केलं. पोरानं अध्यक्षांकडं बघितलं, अध्यक्षांनी गणपतीकडं. मागचं गाणं बंद झालं, डॉल्बी बंद झाला आणि साहेबांनी डोळे मिटून सुरुवात केली. टिक. टिक टिक. समोर दोनशे खुर्च्या. पहिल्या रांगेतली लहान मुलं थोडा वेळ स्पीकरकडं बघत राहिली. आई मात्र स्टेजच्या मागं कोण आहे ते बघायला उठल्या होत्या. साहेबांनी अख्खं गाणं वाजवलं, मधे दोनदा मान मागं टाकली, शेवटी हात वर केला. टाळ्या पडल्या, कारण संपलं हे हातावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या वहीत अभिप्राय लिहायला शेजारच्या ब्लॉकमधला थर्ड शिफ्टवाला स्वतः आला. दहा दिवसांत त्याचा डोळा लागला तो तेवढाच वेळ. त्यानं लिहिलं, ‘गिटारचा कार्यक्रम फार आवडला. पुढच्या वर्षी दीड तास ठेवावा. जमल्यास रोज.’