निकषांबाहेरचा माणूसही पेशंटच

क्लिप एकच, आजार एकच आणि निकाल मात्र परस्परविरुद्ध. २०१८च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या मित्रा-एफआर चाचणीचा निकाल आला. हार्ट फेल्युअरच्या पेशंटची मायट्रल झडप गळत असेल, तर मांडीतल्या शिरेतून क्लिप नेऊन ती गळती कमी करता येते. पण वर्षभरात मृत्यू ओढवलेले किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल झालेले पेशंट क्लिपच्या गटात ५४.६ टक्के निघाले, नुसत्या औषधांच्या गटात ५१.३. म्हणजे फायदा शून्य. पुढच्याच महिन्यात अमेरिका-कॅनडातली कोॲप्ट चाचणी आली. तिथे दोन वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४६.१ टक्क्यांवरून २९.१वर उतरलं होतं.

बहुतेक हृदयरोगतज्ज्ञांच्या मते यामागचं मोठं कारण पेशंटच्या निवडीत आहे. फ्रान्समधल्या पेशंटचं हृदय जास्त फुगलेलं होतं आणि गळती त्यामानाने कमी होती. स्नायूच थकलेला असेल तर झडप सांधून किती फरक पडणार? कोॲप्टने पेशंट पारखून घेतले. पंपिंग २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवं. डावा कप्पा आकुंचन पावल्यावर ७० मिलिमीटरपेक्षा मोठा नको. औषधं सोसतील तितक्या पूर्ण डोसात सुरू हवीत. शिवाय प्रत्येक पेशंटवर केंद्रीय समितीची मोहोर. ७८ केंद्रांनी साडेचार वर्षांत मिळून ६१४ पेशंट घेतले, म्हणजे एका केंद्रामागे आठसुद्धा नाहीत.

ही काटेकोर निवड योग्यच होती, म्हणूनच उत्तर स्पष्ट मिळालं. पण ओपीडीत येणारा पेशंट समितीकडून निवडून येत नाही. कुणाचा कप्पा ७२ मिलिमीटर असतो, कुणाच्या हृदयाची उजवी बाजू दमलेली असते, कुणाला घरी ऑक्सिजन लागतो. हे सगळे चाचणीच्या दाराबाहेर. त्यात तोच इको दुसऱ्या हातांनी केला तर ७२चे ६९ होऊ शकतात. एवढ्या फरकावर कुणाचं नशीब ठरू नये.

मला चीड येते ती दोन सवयींची. पहिली म्हणजे कोॲप्टचे आकडे दाखवून सरसकट सगळ्यांना क्लिप सुचवणं. दुसरी म्हणजे निकषांत बसत नाही म्हणून पेशंटला हात हलवत घरी पाठवणं. युरोपातल्या नोंदी तपासल्या तेव्हा क्लिप बसवलेल्यांपैकी अनेकजण कोॲप्टच्या निकषांबाहेरचे निघाले. त्यांच्यात मृत्यू जास्त होते, पण धाप त्यांचीही कमी झाली. मात्र या नोंदींत क्लिप न बसवलेला तुलनेचा गट नसतो. त्यामुळे आयुष्य वाढलं की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. जिना चढताना दम न लागणं हासुद्धा मोठा लाभ आहे, पण तो आयुष्य वाढण्याच्या नावाखाली विकू नये.

अमेरिकेच्या मेडिकेअरने २०२१मध्ये या उपचाराचा खर्च मंजूर करताना पेशंटची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करण्याची अट घातली. आपल्याकडेही ही क्लिप बसवली जाते, खर्च लाखांत जातो आणि बहुतेक घरं तो स्वतःच्या खिशातून करतात. अशा वेळी बसवलेल्या प्रत्येक क्लिपची आणि पुढे त्या पेशंटचं काय झालं याची नोंद सक्तीची हवी.

आणि तुमच्या घरात हा निर्णय समोर आला असेल, तर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. औषधं पूर्ण डोसात देऊन झाली का? आमचा पेशंट चाचणीतल्या पेशंटसारखा आहे का? नसेल, तर नेमकी कशाची आशा धरायची? याची सरळ उत्तरं मिळणं हा तुमचा हक्क आहे.