दार उघडून दाखवायला काय झालं होतं?

विक्रेते महाशय,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही, कारण प्रेम उरलेलं नाही. तुम्हाला मराठी येत नाही, हे ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितोय. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत मोटरसायकलवेडे आहेत, आणि त्यांच्यातलाच कुणीतरी उद्या तुमच्या यार्डात पाऊल टाकेल. निदान त्याला तरी हे आधी कळावं.

माझ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, गळ्यात तुम्ही एक टॉय हॉलर ट्रेलर मारलात. पुढे स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची जागा. मागे मोटरसायकलींचं गॅरेज, आणि मागची अख्खी भिंत खाली पाडली की तिचाच रॅम्प. या वाहनाशी माझं भांडण नाही. मोजावीच्या वाळवंटात गाडी लावायची, बाइक उतरवायची, दिवसभर धूळ खायची आणि रात्री त्याच छताखाली पिठलं-भात रांधायचा, ही दादाची पुण्यात बुलेट चालवायचा तेव्हापासूनची हौस. त्या हौसेचा तुम्ही फायदा उठवलात, राग त्याचा आहे.

त्यानं तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. माझा हाफ-टन पिकअप हे ओढेल का? तुम्ही माहितीपत्रक उघडून ट्रकची ओढण्याची क्षमता दाखवलीत, 5,000 किलो. ट्रेलरचं कमाल वजन 4,500. ‘आरामात ओढेल,’ म्हणालात. आकडा खरा होता. फसवणूक त्या आकड्यात नव्हती, न दाखवलेल्या आकड्यात होती.

ट्रक ट्रेलरला नुसता ओढत नाही, त्याचा काही भार स्वतःच्या पाठीवरही घेतो. ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रक-ट्रेलरच्या जोडावर, पडावा लागतो. तो भार, हिचचं लोखंड, ट्रकमधली माणसं आणि सामान हे सगळं ट्रकच्या पेलोडमध्ये बसायला हवं. पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. माणसं आणि सामान मिळून यापुढे जाऊ नये, असं तिथे किलोत आणि पौंडात स्पष्ट लिहिलेलं असतं. दादाच्या ट्रकवर तो आकडा 650 किलो होता. तुमच्या टेबलापासून ते दार चार पावलांवर होतं.

तुम्ही केला नाहीत, म्हणून हिशेब मी करतो. रिकामा ट्रेलर 3,200 किलो. दादाच्या दोन बाइक, हार्ली सुमारे 380 आणि हिमालयन सुमारे 200. 100 गॅलन पाणी म्हणजे आणखी जवळपास 380. बाइकसाठी 30 गॅलन पेट्रोल, साधारण 85. भांडीकुंडी, अंथरूण, हत्यारं धरून 150. झाले जवळजवळ 4,400. त्याचे 12 टक्के धरले तर हिचवर सव्वापाचशे किलो. हिच 45. दादा, वहिनी आणि दोन वाढती मुलं, 270. एकूण 840. ट्रकची पाठ 650 ची. जास्तीचं वजन म्हणजे जवळजवळ एक अख्खी हिमालयन.

आणि हे तुम्हाला कळलं नव्हतं असं म्हणू नका. ताबा घेण्याच्या दिवशी दादा दोन्ही बाइक घेऊन आला होता. त्या आत चढवल्या, ट्रेलर जोडला आणि ट्रकचं बूड खाली बसलं. सगळ्यांना दिसलं, तुम्हालाही. त्यावर तुम्ही काय सुचवलंत? ‘बाइक मागे, रॅम्पला टेकवून लावा, म्हणजे पुढे खाटही खाली येईल.’ बाइक मागे गेल्या, ट्रकचं बूड वर आलं, तुम्ही अंगठा दाखवलात आणि आत निघून गेलात.

गॅरेज चाकांच्या मागे असतं. तिथे वजन जितकं मागे सरकवावं तितका पुढचा हिच उचलला जातो. ट्रक मोकळा वाटतो, पण ट्रेलर डोलायला लागतो, आणि शेपटाकडे इतकं वजन असलं की एकदा सुरू झालेलं डोलणं सहज थांबत नाही. वेळ मारून नेण्यासाठी तुम्ही एक चूक दुसऱ्या, जास्त भयंकर चुकीखाली झाकलीत. ही वेळ कुणावर मारली गेली, ते ऐका.

मोजावीहून परतीच्या वाटेवर मी दादाच्या मागे होतो. आय-15 चा कहोन पासचा उतार, 6 टक्क्यांचा, आणि सँटा अ‍ॅना वाऱ्याचे दिवस. पाण्याची टाकी त्या मॉडेलमध्ये चाकांच्या पुढे आहे, आणि ती आता रिकामी, म्हणजे हिच आणखी हलका. ट्रेलर ओढणाऱ्यांना कॅलिफोर्नियात ताशी 55 मैलांची मर्यादा आहे, दादा तिच्या आतच होता. शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि ट्रेलरचं मागचं टोक आधी हातभर, मग पार शेजारच्या लेनपर्यंत जायला लागलं. मागून दादाच्या ट्रकची मागची चाकं या बाजूला, त्या बाजूला सरकताना दिसत होती. आत मुलं होती, हे मला सारखं आठवत होतं.

दादानं ट्रकचा ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टीअरिंग सरळ धरलं आणि ब्रेक कंट्रोलरचा दांडा सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. ट्रेलर ताणला गेला, मग हळूहळू सरळ झाला. त्यानं पायाखालचा ब्रेक दाबला असता तर आज हे पत्र मी वकिलाकडून पाठवलं असतं.

रॅम्प उघडला तेव्हा हिमालयन हार्लीवर कलंडलेली होती. पट्टे तुटले नव्हते. हिसक्यांनी पुढचे फोर्क आणखी दबले, पट्टा सैल पडला आणि खालचा हूक जमिनीतल्या कडीतून निसटला. हँडलच्या टोकानं प्लायवूडच्या भिंतीला भोक पाडलं होतं. ओंटारियोच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर घातलं, आधी ट्रेलरसकट, मग ट्रक एकटा. हिचवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या जेमतेम 7 टक्के निघाला.

आणखी एक गोष्ट. बाइक आत असताना मुलं गॅरेजमधल्या वरच्या खाटेवर झोपू शकतात, असं तुम्ही वहिनींना सांगितलंत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि ज्योत शोधत फिरते. त्याच ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज आणि पाणी तापवायचा बर्नर आहे. वहिनींनी तुमचं ऐकलं नाही, हे आमचं नशीब.

तुम्हाला कमिशन मिळतं, मिळू दे. पण सहीसाठी पेन पुढे करण्याआधी गिऱ्हाइकाला त्याच्याच ट्रकपाशी न्या, दार उघडा आणि तो आकडा मोठ्यानं वाचायला लावा. बाइक कोणत्या आणि घरात माणसं किती, ते विचारा. बेरीज जुळत नसेल तर वन-टन ट्रक लागेल किंवा छोटा ट्रेलर घ्या, असं तोंडावर सांगा. एखादा सौदा हातचा जाईल. जाऊ दे.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बाइकवाल्यांना मी हे दार स्वतः उघडून दाखवतोय. दादा आता वन-टन ट्रक बघतोय, आणि तो तुमच्याकडून घेणार नाही.

त्या दिवशी मागच्या गाडीत असलेला,
एक भाऊ