काकांचा नातू आणि व्हाइट हाउस

ठाण्यात कोलशेतच्या टॉवरमधल्या एका काकांचा नातू न्यू जर्सीत जन्मला. तेव्हापासून लिफ्टमध्ये सापडेल त्याला काका ऐकवतात, ‘आमचं पोरगं उद्या व्हाइट हाउसात बसू शकतं!’ खरं आहे. अमेरिकेच्या घटनेला राष्ट्राध्यक्ष जन्मजात नागरिक लागतो, शिवाय वय 35 आणि 14 वर्षांचा रहिवास. बाळाचा बाप जन्मभर रांगेत उभा राहून नागरिक झाला, तरी ती खुर्ची त्याला नाही.

आपली घटना दिलदार. कलम 58 नुसार राष्ट्रपती भारताचा नागरिक हवा, बाळंतपण कुठे झालं ते विचारायचं नाही. पंतप्रधानाचंही तेच. विचारायला हवं, असं मे 1999 मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी काँग्रेसच्या अध्यक्षा, परदेशात जन्मलेल्या सोनिया गांधींना पत्र लिहून कळवलं. तिघांची हकालपट्टी झाली, 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली आणि ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेस मंत्रालयात एकाच पंगतीला बसल्या! पुढे 2004 मध्ये पवार ज्या मनमोहनसिंगांचे कृषिमंत्री झाले, ते जन्मले गाह गावात. गाह आज पाकिस्तानात आहे. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या म्हाताऱ्या सिंध्यांना जन्मगाव विचारून बघा, म्हणजे त्या अटीची पाचर कुठवर गेली असती ते कळेल.

वरच्या खुर्चीला जन्म चालतो कुठलाही. साध्या माणसाचा मात्र तारखेनिशी तपासतात. 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतो: प्रजासत्ताक झाल्यापासून 30 जून 1987 पर्यंत इथे जन्मलात, तर नागरिक. त्यानंतर आई-बापांपैकी एक तरी नागरिक हवा. 3 डिसेंबर 2004 पासून तेवढ्यानेही भागत नाही. दुसराही नागरिक हवा, निदान बेकायदा आलेला नको. आजोबा, बाप, नातू एकाच ओट्यावर बसलेले आणि तिघांना तीन नियम.

नागरिकत्वाचा पुरावा म्हणून आधार कार्ड पुढे करू नका. ठाण्यातल्याच एका प्रकरणात, ऑगस्ट 2025 मध्ये, जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने सुनावलंय, की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणून कोणी नागरिक ठरत नाही.

काका 1956 चे, घरीच सुईणीच्या हातून झालेले. जन्मनोंद कुणी केली नाही. तेव्हा काका, व्हाइट हाउसचं नातू बघून घेईल. तुम्ही आधी तुमचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा.