जॅकशास्त्री

हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला मुक्काम टाकलात तर हा माणूस तुम्हाला शोधावा लागत नाही. तुमच्या मोटारहोमला सपाट उभं ठेवणारा जॅक अडकला की तो प्रकट होतो. भर दुपारी हातात पेटती टॉर्च, दोन्ही गुडघ्यांना पॅड, खिशातून डोकावणारा व्होल्टमीटर. 'हॅलो' वगैरे नंतर. आधी प्रश्न : "एक अडकलाय की चारही?"

चारही म्हणालात तर तो नुसता मान हलवतो. वीज नाहीतर तेल, त्यात काय एवढं! एकच म्हणालात तर मात्र त्याचे डोळे चमकतात. आमच्या घरात, म्हणजे आमच्या गाडीत, त्याचं नाव शास्त्रीबोवा. वय सत्तरीच्या पुढे, पेन्शन बरी, आयुष्य कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलेलं. निवृत्त झाल्यापासून बंद पडायला त्याच्या वाट्याला फक्त दुसऱ्यांच्या गाड्या उरल्या आहेत. असा एकच आहे असंही नाही. प्रत्येक तळावर एक तरी असतोच, आणि दोन असले तर ते एकमेकांशी बोलत नाहीत.

क्वार्ट्झसाइट हे इंटरस्टेट 10 वरचं, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळचं लहानसं गाव. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू फिरकत नाही. हिवाळ्यात मात्र कॅनडातली आणि अमेरिकेच्या उत्तरेकडची निवृत्त मंडळी थंडी चुकवायला चाकांवरची घरं घेऊन उतरतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा सरकारी तळ आहे, तिथला लांब मुक्कामाचा हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. जागेवर वीज नाही, नळ नाही. चाळीस फुटी गाडी उघड्या माळावर उभी करायची आणि जमीन असेल तशी पत्करायची. जमीन सपाट नसतेच.

ती सपाट नसली तर बिघडलं कुठे, असं घरात बसून वाटतं. गाडीत राहायला लागलं की कळतं. एक तर फ्रीज. पुष्कळशा मोटारहोममधला फ्रीज कंप्रेसरवर नाही, अमोनियावर चालतो. खाली ज्योत, वर नळ्या, आणि आतला द्रव उतारानं आपला आपण परत यायचा. गाडी फार कलती राहिली की तो एका जागी साचतो, तापत राहतो आणि नळ्या आतून चोंदतात. फ्रीज कायमचा गेला. दुसरं म्हणजे भजी. आमच्या हिनं एकदा कढई चढवली तर तेल सगळं एका अंगाला. अर्धी भजी पोहतायत, अर्धी करपतायत. शास्त्रीबोवा दारातच उभे होते. त्यांनी एक भजं तोंडात टाकलं, कढईकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उजवीकडे दीड डिग्री." मोजून पाहिलं, बरोबर होतं.

म्हणून गाडीखाली चार हायड्रॉलिक जॅक. ड्रायव्हरशेजारच्या पॅनेलवरचं बटण दाबलं की 12 व्होल्टची मोटर पंप फिरवते, तेल जॅकमध्ये शिरतं, दांडे जमिनीला टेकतात आणि घर सरळ होतं. निघताना दुसरं बटण दाबायचं. इथेच माणसं फसतात. त्यांना वाटतं, खाली ढकलणारा पंपच वरही ओढत असणार. शास्त्रीबोवांचं पहिलं सूत्र याच्यावरच आहे : "ढकलतो पंप, ओढते स्प्रिंग." निदान अशा स्प्रिंगवाल्या जॅकांत तरी पंपाला परतीच्या प्रवासात काही काम नसतं. विजेवर उघडणारा एक व्हॉल्व्ह उघडतो, दोन जाड स्प्रिंगा दांडा वर खेचतात आणि तेल निमूटपणे टाकीत परत जातं. तेव्हा जॅक वर येत नसेल तर पंपाला शिव्या देऊ नका. व्हॉल्व्ह उघडलाय का, दांड्यावर मातीचं किटण बसलंय का, स्प्रिंग थकलीय का, हे बघा.

इतकं खरं ज्ञान असलेला माणूस दहा मिनिटांत मोकळा व्हायला हवा. पण शास्त्रीबोवांना रोग बरा करण्यात रस नाही, निदानात आहे. आणि निदान क्रमानंच व्हायला हवं. मधली पायरी गाळलेली त्यांना चालत नाही. टाकीत तेल कमी दिसलं म्हणून कोणी डबा उघडला तर ते हात धरतात. जॅक खाली असताना तेल ओतायचं नाही. चारही वर आले की सगळं टाकीत परत येतं आणि लाल ओघळ गाडीभर. हेही खरंच. दांड्याला काय फवारायचं, यावर तर तळावर दोन शाखा आहेत. एक नेहमीच्या तेलकट स्प्रेची, दुसरी कोरड्या सिलिकॉनची. शास्त्रीबोवा कोरड्या शाखेचे. तेलाला धूळ चिकटते, म्हणतात. तेलकट शाखेच्या माणसाकडे ते कॉफीसुद्धा घेत नाहीत.

त्यांची बायको घडीच्या खुर्चीत लोकरीचं विणत बसलेली असते. नवरा कोणाच्या गाडीकडे निघाला की ती वर न बघता एकच वाक्य बोलते, "इंजिन चालू आहे का, ते विचार." ते त्यांना ऐकू येत नाही.

आमच्या शेजारच्या कॅनेडियन जोडप्याचा पुढचा डावा जॅक अडकला तेव्हाची गोष्ट. तीन वर, एक खाली, गाडी त्या कोपऱ्यावर नाक उचलून उभी. जॅक खाली असताना चावी फिरवली की कर्कश बझर वाजतो. तो नको म्हणून बिचाऱ्यांनी इंजिन बंद ठेवलेलं आणि बटणं दाबून दाबून थकलेली. शास्त्रीबोवा आले. सगळ्यांना चार हात लांब उभं केलं. झाडूच्या दांड्याला फडकं बांधलं आणि गाडीखाली न शिरता लांबूनच जॅकचा दांडा पुसला. ते फडकं प्रत्येकाला दाखवलं. त्यावरच्या काळ्या चिखलात जुनं ग्रीस किती आणि ॲरिझोना किती, तेही सांगितलं. मग सिलिकॉन. मग व्हॉल्व्हवरचा नट हातानं सैल करायचा असतो. पण त्याआधी तो का करायचा असतो, हे आलं, आणि त्याच्याही आधी पास्कलचा नियम आला. "बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो..." असं म्हणून ते बोट वर करतात तोच कॅनेडियन बाई गाडीत चढल्या, हँडब्रेक ओढलेला बघून घेतला, इंजिन चालू केलं आणि बटण दाबलं. बॅटरी दमलेली होती, एवढंच. अल्टरनेटरची वीज मिळताच व्हॉल्व्ह टक् करून उघडला. गाडी खाली बसली, जॅक वर गेला आणि शास्त्रीबोवांचा चेहरा उतरला.

"हे तात्पुरतं आहे," ते म्हणाले. "पुन्हा अडकेल." त्यात शाप नव्हता; आशा होती.

"अहो, हा बाबा जेवतो कधी?" ही मला हळूच म्हणाली.

नवख्यांना ते गावातल्या हाय जॉलीच्या थडग्यावर नेतात. 1856 साली अमेरिकी सैन्यानं वाळवंटात ओझी वाहायला टेक्सासात उंट आणले. त्यांच्यामागे आलेला हाजी अली नावाचा उंटवाला इथे हाय जॉली झाला आणि 1902 साली इथेच वारला. थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे, टोकाला उंट. त्याच्याकडे टॉर्च रोखून ते आपला एकुलता एक विनोद करतात : "या माळावर बिनतेलाचं बसणारं आणि बिनतेलाचं उठणारं एवढं एकच वाहन आलं." आम्हाला तो पाठ आहे, तरी हसतो.

त्यांची स्वतःची गाडी लाकडी फळ्यांवर उभी असते. चाकं फळ्यांवर चढवायची, लेव्हलचा बुडबुडा मध्ये आला की थांबायचं. जॅक आहेत, चारही धडधाकट, दांडे आरशासारखे लखलखीत. मी विचारलं, मग वापरत का नाही? "वापरले की अडकतात," ते म्हणाले, आणि तिघांच्या गाड्या ओलांडून कुठेतरी बझर वाजत होता तिकडे निघाले.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. जॅक अडकला तर हँडब्रेक ओढलाय ना आणि इंजिन चालू आहे ना, हे कोणाला कळू न देता बघून घ्या. सुटला तर सुटला. नाही सुटला तर शास्त्रीबोवांना खुशाल हाक मारा, फक्त जेवण उरकून मारा. आणि गाडी नुसत्या जॅकवर उभी असताना तिच्याखाली शिरू नका. तो व्हॉल्व्ह सांगून उघडत नाही.